अर्धी साक्ष

"मारथा, माळ्यावरचा दोर काढ."

सासऱ्यांनी हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की मी चुलीपुढून उठून शिडीला हातसुद्धा लावला. मग लक्षात आलं, माळ्यावर दोर एकच होता. दोन वर्षांपूर्वी माझा नवरा शांतवन ज्या दोराला धरून चर्चमागच्या विहिरीत उतरला होता, तो.

"कशाला हवाय, मामा?"

"विहीर उपसायची. मी उतरतोय."

"कधी?"

"आज. बारा वाजता."

मी शिडी सोडली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिले. "तुमचं वय काय?"

"पासष्ट. दात गेलेत, हात न्हाई गेले."

"आणि बाराच का? सकाळी उतरा, चारला उतरा."

"बाराच," ते म्हणाले आणि दाराबाहेर कप्पीला तेल घालत बसले.

ही एक्क्याऐंशी सालच्या मे महिन्यातली गोष्ट. नेवाशाच्या बाजूला खडकुली नावाचं आमचं गाव. गावाच्या कडेला ख्रिस्ती लोकांची बावीस घरं, मध्ये छोटं प्रार्थनामंदिर आणि त्याच्या मागे विहीर. आमच्या भागात विहिरीत साती आसरा राहतात असं मानतात. सात बहिणी. भर दुपारी बाराला त्या वर येतात आणि मनात भरलेल्या माणसाला खाली ओढून नेतात. शांतवन गाळ काढायला उतरला तोही बारालाच. अर्ध्यावर गेला, दोर सुटला, पडला. ओरडलासुद्धा नाही. बादल्या काढायच्या गळाने त्याला वर काढावं लागलं.

गाव म्हणालं, आसरांनी नेला. आमची मंडळी म्हणाली, छे, आपण ख्रिस्ती, आपला असल्यावर विश्वास नाही. असं म्हणून मंडळीने विहिरीवर फळ्या टाकल्या आणि दुपारचं त्या बाजूला जाणं बंद केलं. पाणी मैलभरावरच्या कालव्यावरून यायला लागलं. एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात शेजारची सुवार्ता सातव्या महिन्यात डोक्यावर हंडा घेऊन पडली. मूल वाचलं, पण तिचा पाय मोडला. पुढच्या रविवारी मामा उपासनेत उभे राहिले आणि म्हणाले, विहीर उघडायची. कोण उतरणार ते मात्र बोलले नव्हते.

दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी माझंही सांगते. मी बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकलेली, तोंडाने फटकळ, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारी बाई. आणि शांतवन गेल्यावर महिन्याने मीच फळ्यांच्या फटीतून विहिरीत डझनभर हिरव्या बांगड्या सोडल्या होत्या. माझ्याच, त्या दिवशी हातातून उतरवलेल्या. 'बायांनो, एक नेलात, आता पुरे करा,' एवढंच म्हणाले. ते म्हटल्यापासून मला प्रार्थना करता येईना. डोळे मिटले की आधी विहीर दिसायची. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

दोर काढून दिला. मामांना 'नाही' म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. पण तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी भिवानानांकडे निघाले.

भिवानाना म्हणजे मामांचे तरुणपणाचे जोडीदार. दोघांनी मिळून पंचक्रोशीतल्या विहिरी उपसल्या होत्या. मामा ख्रिस्ती झाले, नाना झाले नाहीत, तरी मैत्री तुटली नाही. वर दोर धरायला मामांनी त्यांनाच सांगितलं असणार, हे मला ठाऊक होतं.

नाना दारात तंबाखू मळत होते. मला पाहून म्हणाले, "तुला धाडलं का त्यानं? सांग जा त्याला, मी दोर धरणार न्हाई."

"बरं झालं," मी म्हणाले. "मी तेच सांगायला आले होते."

"दिवा सोडशील तर धरतो म्हणलं. तर म्हणतो, भिवा, तो दिवा मी फोडलाय."

तो दिवा आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत होता. वर्षाच्या पहिल्या रविवारी मामा मंडळीपुढे आपली साक्ष द्यायचे. जुन्या दिवसांत विहिरीत उतरण्याआधी त्यांचा बाप आसरांच्या नावाने पाटीत दिवा ठेवून खाली सोडायचा. दिवा जळत राहिला तर आसरांची परवानगी, विझला तर नाही. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी मामांनी ती पणती विहिरीच्या काठावर सगळ्यांदेखत फोडली. 'तवापासून तीस वर्षं बिनदिव्याचा उतरतोय. माझा प्रभूच माझा दिवा,' असं म्हणून ते थांबायचे आणि मंडळी एका आवाजात आमेन म्हणायची. माझ्या अंगावर काटा यायचा. शांतवन तर हीच साक्ष ऐकत मोठा झालेला.

"नाना, दिवा विझला तर तुम्ही काय करायचा?"

"काय करायचं? उतरायचं न्हाई."

"मग विहीर तशीच सोडायचा?"

"तशी कशी सोडू? पैका घेतलेला असायचा." ते हसले. "आसरांना वारा घालायचा. कडुलिंबाच्या फांद्यांचा भारा बांधायचा दोराला आन खालीवर, खालीवर करायचा. दोन-तीन तास. उकडत असतंय बिचाऱ्यांना खाली. मग फिरून दिवा सोडायचा. राहतो की मग."

"राहतो?"

"राहतोच. चाळीस वर्षांत आमचा एक माणूस विहिरीत ऱ्हायला न्हाई, मारथा. एक."

मी त्यांच्या उंबऱ्यावर बसले. बोर्डिंगात सहावीला लोंढेबाईंनी बशीत मेणबत्ती लावून तिच्यावर काचेचा पेला पालथा घातला होता. ज्योत लहान झाली आणि विझली. 'मुलींनो, ज्योतीला हवा लागते. तिला लागते तीच आपल्याला लागते. जुन्या विहिरीत, धान्याच्या पेवात शिरताना हे ध्यानात ठेवा.' आम्ही ते पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं. मला दहापैकी नऊ गुण पडले होते. नवरा त्या विहिरीत उतरला तेव्हा मी काठावर उभी होते, आणि ते नऊ गुण माझ्या कामाला आले नव्हते.

शांतवन उतरला त्या उन्हाळ्यात विहीर आटून बंद पडली होती. पिंपळाचा पाला पडून आत कुजत होता. आता तर तिच्यावर दोन वर्षं फळ्या होत्या.

"काय झालं गं? पाणी देऊ?" नानांनी विचारलं.

"नाना, कंदील आहे का घरात?"

"हाये की."

"रॉकेल भरा आणि घेऊन या. आणि कोयता आणा, फांद्या तोडायला."

मी निघाले ती पळतच. आता गोष्ट सरळ होती आणि म्हणूनच अवघड होती. मामांना थांबवायचं तर शांतवन का गेला ते सांगावं लागणार. ते सांगायचं म्हणजे त्यांना म्हणायचं, तुम्ही ज्या गोष्टीची तीस वर्षं साक्ष दिलीत, तिनेच तुमचा मुलगा मारला. न सांगावं तर ते बारा वाजता उतरणार आणि वर येणार नाहीत.

विहिरीपाशी माणसं जमायला लागली होती. फळ्या काढून झाल्या होत्या. मामा तिथे नव्हते. प्रार्थनामंदिराचं दार लोटलेलं होतं. आत ते पुढच्या बाकापाशी गुडघे टेकून बसले होते, धुवट धोतर, पांढरा सदरा. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

"मामा, उठा."

"प्रार्थना चाललीय."

"नाही चाललेली. तुमचे ओठ हलत नाहीत."

मला वाटलं रागावतील. पण त्यांनी डोळे उघडले, आणि त्या डोळ्यांत मी तोवर न पाहिलेली भीती होती. मंडळीत कुणी आजारी पडलं, कुणाला काही दिसलं, की रात्री-अपरात्री ज्यांना हाक मारायची ते हे याकोबबाबा.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "रोज गुडघं टेकतो. शब्द म्हणतो, पाठ हायेत. पलीकडं कुणी ऐकतंय आसं वाटत न्हाई. आन बारा वाजलं की विहिरीकडनं हाक येती."

"कसली हाक?"

"नाव घेती. याकोब न्हाई म्हणत. माझं जुनं नाव घेती. गंगाराम."

बाहेर कुणीतरी कप्पी फिरवून बघत होतं. तिची करकर ऐकू येत होती.

"मी हारलो का न्हाई ते बघाया उतरतोय, पोरी. खाली त्या असल्या तर मला घेऊ दे. नसल्या तर मंडळीला पाणी मिळंल. मला आता आसं मधी लटकून ऱ्हावत न्हाई."

तेव्हा मी सांगितलं. लोंढेबाईंचा पेला, नानांचा दिवा, कडुलिंबाचा भारा, कुजलेला पाला, सगळं. भरभर सांगितलं, कारण थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं. माझं संपल्यावर मामांनी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली.

"म्हंजे माझ्या साक्षीनं माझा पोरगा गेला."

नाही म्हणाले असते तर खोटं झालं असतं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा राग आला होता. इतका, की बाक उचलून आपटावासा वाटला. दोन वर्षं मी सात बायकांना घाबरून जगले होते, आणि गोष्ट एका पणतीची होती.

"मामा," मी म्हणाले, "तुम्हाला माफ करायला मी आले नाही. ते आज जमेल असं वाटत नाही. पण तुम्ही असे उतरायचं नाही. मी एकदा काठावर उभी राहिलेय, पुन्हा राहणार नाही."

ते नुसते बाक धरून बसले. मग मी त्यांच्या शेजारी गुडघे टेकले. कशी टेकले मला माहीत नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा तोंडातून शब्द निघाले, तेही धड नाहीत.

"प्रभू, आम्हाला दोघांनाही काही दिसत नाही. आम्ही चुकलो. ह्यांनी दिवा फोडला. मी बांगड्या…" इथे माझा आवाज गेला, पण मामांचं लक्ष नसावं. "तू आम्हाला धर. आम्हाला धरता येत नाही."

आकाशवाणी झाली नाही. माझी भीती गेली नाही. पण डोळे मिटलेले होते आणि समोर विहीर दिसत नव्हती, एवढं माझ्या ध्यानात आलं.

मामांनी विचारलं, "मंग आता?"

"आता दिवा सोडायचा."

"मंडळीपुढं?"

"मंडळीपुढंच."

"तीस वर्षांची साक्ष हाये माझी, मारथा."

"अर्धी होती, मामा. उरलेली आज द्या."

ते बाकाला धरून उठले. मी हात दिला नाही, त्यांनी मागितलाही नाही.

विहिरीपाशी नाना कंदील घेऊन उभेच होते. दानियल पंच, मंडळीच्या कारभारातले वडीलधारे, त्यांनी कंदील पाहिला आणि आवाज चढवला. "याकोबबाबा, हे काय? आसरांचा दिवा? चर्चच्या विहिरीत?"

मामा काठावर उभे राहिले. त्यांचा आवाज साक्षीच्या रविवारी खणखणीत असायचा, आज पुढच्या माणसांनाच ऐकू जात होता.

"मी तुमाला सांगत आलो, म्या दिवा फोडला आन प्रभूनं मला राखलं. त्यानं राखलं हे खरं हाये. पर खाली हवा हाये का न्हाई ते त्या दिव्यानं कळत हुतं. माज्या बापाला कारण ठावं नव्हतं, गुण ठावा हुता. मी आसरांना टाकलं ते बरोबर केलं. त्यांच्यासंगं दिवा टाकला. शाना माणूस आसता तर इचार केला आसता. मला आमेन ऐकायची गोडी लागली. माझा शांतवन त्यापायी गेला."

दोन वर्षांत त्यांनी मुलाचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. दानियल पंच खाली बघायला लागले.

नानांनी कंदील सोडला. सगळे वाकून बघत होते. तो पिवळा ठिपका खाली खाली जात होता. शांतवन जिथून पडला, तिथल्या कोनाड्याजवळ ज्योत बारीक झाली आणि गेली. खाली नुसता काळोख राहिला. उन्हाची वेळ बरोबर बाराची होती. कुणीतरी "आई गं" म्हणालं. मामा त्या काळोखाकडे बघत राहिले आणि मी त्यांच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरून ठेवलं.

मग आम्ही आसरांना वारा घातला. दानियल पंच कडुलिंबावर चढले, बायांनी भारे बांधले, दर दहा मिनिटांनी नवी माणसं कप्पीवर. नाना ओरडत होते, "जोरात! झोपल्यात त्या!" आणि आमची मंडळी, न मानणारी, हसत होती. दोनच्या सुमाराला कंदील पुन्हा सोडला. कोनाड्याजवळ आला, थरथरला आणि जळत राहिला. खाली चिखलापर्यंत जळत गेला.

मामांनी सदरा काढला आणि दोर घेतला.

"तुम्ही नाही," मी म्हणाले. "मी उतरते."

"येडी का काय?"

"मी नवऱ्याबरोबर चार उन्हाळे गाळ उपसलाय. तुमच्यापेक्षा हलकी आहे. पहिली खेप मी बघून येते, मग गडी उतरतील."

"आन दोर?"

मी दोर कमरेला गाठवला, एक नाही, दोन गाठी मारल्या, आणि दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. "दोर तुम्ही धरायचा."

नाना पुढे झाले. मी त्यांना हातानेच थांबवलं. "मामांच्या मागे धरा. पुढे मामा." सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला जे तोंडाने जमलं नव्हतं ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी दोर मनगटाला दोनदा गुंडाळला.

मी भ्याले होते. पायऱ्यांच्या खाचा बुळबुळीत होत्या, वर आभाळ ताटाएवढं झालं, मग वाटीएवढं. कोनाड्याजवळ पाय उचलेना. इथेच तो गेला. दगडाला कपाळ टेकून मी उभी राहिले. तेवढ्यात वरून मामांचा आवाज आला. प्रार्थना म्हणत होते, लहान मुलांना शिकवतात ती, रोजची. मध्येच अडखळले, थांबले.

"पुढचं म्हणा, मामा!" मी खालून ओरडले.

त्यांनी पुढचं म्हटलं. मी पाय उचलला.

खाली कंदील चिखलात तिरपा उभा होता. सात काय, एकही बाई नव्हती. पाला होता, एक फुटकी बादली होती, घोट्याएवढ्या पाण्यात एक बेडूक होता, तो माझ्याकडे बघत होता. आणि कंदिलाच्या उजेडात, चिखलातून वर आलेली, एक हिरवी बांगडी होती, न फुटलेली.

"मारथा!" वरून हाक आली. "काळोख हाये का गं?"

"आहे!" मी ओरडले. "पण दिवा जळतोय! तुम्ही दोर धरा!"

वर आले तेव्हा उन्हाने डोळे दिपले. कुणीतरी काखेत हात घालून मला काठावर घेतलं, बाया अंगावर लुगडं टाकायला धावल्या. नानांनी मागून दोर सोडला, पण दोर सैल पडेना. मामा पाय रोवून तसेच उभे होते. मनगटाची सालटी निघाली होती, दोराला रक्त लागलं होतं, आणि डोळे विहिरीकडेच लागलेले.

"सोडा आता, मामा," मी म्हणाले. "मी वर आले."

त्यांना ऐकू गेलं नाही. मी समोर गेले आणि त्यांची बोटं एकेक करून उघडू लागले. तेव्हा त्यांना माझ्या मुठीतली बांगडी दिसली. चिखल पुसून त्यांनी ती ओळखली. लग्नात त्यांनीच आणलेल्या चुड्यातली होती.

"तूपण?" ते म्हणाले.

"मीपण, मामा."

ते काठावर मटकन बसले आणि रडले. शांतवनच्या मातीला रडले नव्हते, ते तेव्हा, सगळ्या मंडळीदेखत. मी शेजारी बसले. दोर अजून आमच्या दोघांच्या हातात होता, आणि तो आधी कुणी सोडायचा ते आम्हाला समजत नव्हतं.